वीतभर मातीखाली

कुलू, ८ ऑगस्ट २००४

प्रिय उत्तरा,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. ईमेल करता आला असता, पण दरड कोसळली की आमच्या केंद्राची लाईन आठवडाभर जाते. शिवाय मला मराठीत चार ओळी लिहायच्या होत्या. इथे माझ्याशी मराठी बोलणारी एकटी नीलिमा, आणि तीही हल्ली टाळते. तिचं म्हणणं, मी जेवतानासुद्धा बुरशीबद्दल बोलतो.

आताही बुरशीबद्दलच लिहितोय. तुमच्या तिकडे पुकेकोहे भागातल्या कांद्याला जी पांढरी कुज आहे, तीच आमच्या खोऱ्यातल्या लसणाला आहे. तुझा पेपर वाचून मी गेल्या वर्षी तुझाच प्रयोग इथे लावला. शेत रिकामं असताना मातीत लसणाच्या वासाचं द्रावण सोडायचं. वर्षानुवर्षं झोपलेले ते बुरशीचे खसखशीएवढे काळे दाणे, लसूण आला असं समजून जागे होतात आणि खायला काही नाही म्हणून मरतात. नीलिमाला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे दाराची बेल वाजवून पळून जायचं." एवढं सोपं करून तुला किंवा मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता अडचण. तू लिहिलंस की एका फवारणीत शंभरातले नव्वदहून जास्त दाणे मरतात आणि वर्षभराने त्या जमिनीत कांदा लावता येतो. वरच्या वीतभर मातीत माझे आकडे तुझ्यासारखेच आले. त्याखाली मात्र निम्म्याहून अधिक दाणे जिवंत आहेत. मी तीनदा मोजले. खोल नांगरट झाली की ते वर येणार, आणि शेतकरी निर्धास्त असणार.

हे सगळं लिहून, तुझा पेपर आला होता त्याच जर्नलला पाठवलंय. तुझ्या विरोधात जाणारं आहे, म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. पेपर सोबत ठेवलेला नाही. विद्यापीठात असल्यापासून तुझ्या हातात माझा कागद पडला की तू लाल पेन काढतेस. छापून आला की वाच आणि मग हवं तेवढं भांड.

बाळासाहेब सरांना पुढच्या मे महिन्यात पंचाहत्तर होतात. त्यांचे सगळे विद्यार्थी राहुरीला जमणार आहेत, प्रत्येकाने एक लेख द्यायचा आहे. तू येशील ना?

तुझा,
चारुदत्त


फ्लॅट बुश, ५ सप्टेंबर २००४

प्रिय चारू,

तुझं पत्र आईनेच उघडलं. ती सहा महिन्यांसाठी आली आहे आणि मराठी अक्षर दिसलं की तिला राहवत नाही. मागच्या अंगणात तिने मेथी पेरली आहे. ऋग्वेदा शाळेतून आली की आजीला विचारते, "आजी, इज इट रेडी?" आजी सांगते, "अजून चार दिवस." दोघींचं संभाषण एवढंच, पण रोज होतं.

रागबिग काही नाही रे. आकडे वेगळे आले तर वेगळे आले. तुमची माती वेगळी, थंडी वेगळी, तुमच्याकडे बर्फ पडतं. पेपर छापून आला की वाचेनच.

इथे माझी थोडी धावपळ आहे. ऑक्टोबरमध्ये कायमच्या जागेसाठी मुलाखत आहे. पाच वर्षं कंत्राटावर काढल्यावर आता झालं तर झालं. सुमेधची पापाकुऱ्याची फार्मसी नीट चालू आहे, पण घर नवीन आहे आणि दोघांचे पगार लागतात.

मी शेतकऱ्यांसाठी एक पत्रक काढलं होतं, 'एक फवारणी, एक वर्ष' असं. ते पुकेकोहेत बऱ्याच जणांनी शेडच्या भिंतीवर लावलंय. कृष्णाभाई नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे आजोबा गुजरातमधून इथे आले, तेव्हापासून घरात कांदा आणि बटाटा. त्यांचं सर्वात चांगलं शेत आठ वर्षं कांद्याविना आहे, याच कुजीमुळे. मागच्या वसंतात त्यांनी तिथे माझी फवारणी केली. आता बटाटा घेतील आणि पुढच्या हिवाळ्यात कांदा. भेटले की म्हणतात, "उत्तराबेन, यू आर गिव्हिंग मी बॅक माय ग्रँडफादर्स पॅडक." पॅडक म्हणजे इथे शेत. मला संकोच वाटतो.

सरांच्या कार्यक्रमाला यायचा नक्की प्रयत्न करीन. नीलिमाला सांग, बेलचं वाक्य मी इथे सगळ्यांना ऐकवलं.

तुझी,
उत्तरा


कुलू, २० डिसेंबर २००४

प्रिय उत्तरा,

कायमची जागा मिळाली, हे तुझ्या ईमेलमधून कळलं. नीलिमाने गाजरहलवा केला आणि तुझा वाटाही मीच खाल्ला.

माझी बातमी उलटी आहे. पेपर परत आला. दोन परीक्षक होते. पहिल्याने लिहिलंय, किरकोळ दुरुस्त्या करून छापावा. दुसऱ्याने दीड पानात त्याचा निकाल लावलाय. संपादकाने दुसऱ्याचं ऐकलं, कारण 'या विषयातला त्यांचा अधिकार मोठा आहे'. नाव अर्थातच गुप्त.

त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय. 'इतक्या खोलवरचे नमुने घेण्यामागचं कारण लेखकाने दिलेलं नाही. पिकाची मुळं जिथे असतात तीच माती विचारात घ्यावी.' कारण दिलं नाही? कारणासाठी मी अख्खं पान खर्च केलंय! पुढे म्हणतो, नमुने घेताना वरची माती खाली मिसळली असण्याची शक्यता आहे. उत्तरा, मी स्वतः गुडघ्यावर बसून ते नमुने काढले. दर वेळी नळी धुतली. नोव्हेंबरात, बर्फासारख्या पाण्याने. मिसळली असती तर वरचे मेलेले दाणे खाली गेले असते ना? खाली जिवंत जास्त कसे आले असते?

मला नकार नवा नाही. पण या माणसाला विषय कळतो. माझं कुठे दुखेल हे त्याला बरोबर माहीत होतं. अडाण्याने नाकारलं असतं तर मी हसलो असतो.

आमच्या प्रकल्पाची मुदत मार्चमध्ये संपते. पेपर छापून आला असता तर वाढली असती. आता साहेब म्हणतात, सफरचंदाकडे बघा.

तू या जर्नलमध्ये छापलं आहेस, तुला त्यांची पद्धत ठाऊक आहे. संपादकाला उत्तर कसं लिहू? काय लिहिलं म्हणजे ते ऐकतील?

चारुदत्त


फ्लॅट बुश, १६ जानेवारी २००५

प्रिय चारू,

वाचून फार वाईट वाटलं. खरंच.

संपादकाला रागाने लिहू नकोस. परीक्षकाशी वाद घालण्यापेक्षा अजून एक हंगाम नमुने घे आणि नव्याने दुसरीकडे पाठव. तुझा तिसरा तक्ता आहे ना, खोलीप्रमाणे केलेला, तो पहिला ठेव. वाचणाऱ्याला आधी तोच दिसला पाहिजे. आणि नळी कशी धुतली तेही लिही. तुला ते सांगण्यासारखं वाटत नाही, पण लिही.

परीक्षक कोण, याचा शोध घेण्यात अर्थ नाही. असेल कुणी. कदाचित त्याला त्या वेळी दुसरं काही टोचत असेल. माणसं घाईत लिहितात.

सफरचंदाचं इतक्यात मनावर घेऊ नकोस. मी इकडून एखाद्या संयुक्त प्रकल्पासाठी विचारून बघते. वेळ लागेल, पण बघते.

आम्ही नाताळात इथल्या कोरोमंडलच्या किनाऱ्यावर गेलो होतो. आई जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालून वाळूत चालली आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात गुडघ्यापर्यंत उतरली. ती तिथे हसत होती आणि मला तुझं पत्र आठवत होतं.

उत्तरा


कुलू, ११ मार्च २००५

प्रिय उत्तरा,

तू शोधू नकोस म्हणालीस, पण मला कळलं. ते बाळासाहेब सर आहेत.

मी उगाच म्हणत नाही. 'मुळं जिथे असतात तीच माती विचारात घ्यावी', हे वाक्य कुणाचं? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सर आपल्याला दर सोमवारी हेच सांगायचे. तू माझ्या शेजारीच बसायचीस. त्या जर्नलच्या सल्लागारांमध्ये त्यांचं नाव आहे. आणि तू त्यांची लाडकी. तुझ्या निष्कर्षाला मी धक्का लावला, ते त्यांना सहन झालं नसणार. यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. तू तर मला मदतच केलीस.

मी त्यांना तीन पानी पत्र लिहिलं. लिहिलं की तुम्ही आम्हाला मोजायला शिकवलंत आणि मी मोजलं तर पाठीमागून वार केलात. लिहिलं की तुमच्या पंचाहत्तरीला मी येणार नाही आणि माझा लेखही परत मागतो. नीलिमा म्हणाली, दोन दिवस पत्र घरात ठेव. मी ठेवलं नाही.

त्यांचं उत्तर कार्डावर आलं. 'चि. चारुदत्त, तो मी नव्हे. तुला तसं वाटू शकलं, हे समजायला मला वेळ लागेल. आ. बाळासाहेब.' बास. नाकारणारच की. नाव गुप्त असतं म्हणून तर नाकारता येतं.

प्रकल्प बंद झाला. शेवटच्या दिवशी नमुन्यांच्या बरण्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. फेकवल्या नाहीत.

चारुदत्त


फ्लॅट बुश, ३ एप्रिल २००५

प्रिय चारू,

सर असं करणार नाहीत. मला खात्री आहे. कृपा करून त्यांना पुन्हा लिही आणि कार्यक्रमाला जा.

मला मेमध्ये येणं जमत नाही. रजेचा प्रश्न आहे. लेख पाठवलाय.

इथे सगळं ठीक. आई परत गेली. घर रिकामं वाटतं.

उत्तरा


फ्लॅट बुश, ३० ऑक्टोबर २००५

चारू,

तुझी जूनची आणि ऑगस्टची अशी दोन पत्रं माझ्या खणात उत्तराविना पडून आहेत. सरांचा कार्यक्रम तुझ्याशिवाय झाला, समारंभात त्यांनी दोनदा तुझ्याबद्दल विचारलं, हे तू दुसऱ्याकडून ऐकून मला कळवलंस. त्यानंतर मला पेन उचलवत नव्हतं.

तुझा दुसरा परीक्षक मी आहे.

हे वाक्य मी मार्चपासून लिहिते आहे आणि फाडते आहे. आता पुढचं सगळं क्रमाने सांगते.

गेल्या वर्षीचं तुझं ऑगस्टचं पत्र माझ्या हाती पडलं, त्याच्या तीन दिवस आधी संपादकाचा ईमेल आला होता. 'पेपर छापून आला की वाचेनच' असं तुला लिहिलं, तेव्हा तो माझ्या टेबलावर पडलेला होता आणि मी तो दोनदा वाचला होता. जर्नलच्या अर्जात एक प्रश्न असतो, लेखकाशी तुमचा वैयक्तिक संबंध आहे का? समोर दोन चौकोन. मी 'नाही'वर खूण केली. अठरा वर्षांची ओळख, एका डब्यातलं जेवण, तुझ्या लग्नात मी करवली, आणि मी 'नाही'वर खूण केली. मनाशी म्हटलं, आपण निःपक्षपाती राहू. प्रामाणिकपणे सांगते, त्या वेळी मला ते खरंच वाटलं.

मुलाखत पाच आठवड्यांवर होती. तुझा पेपर छापला गेला असता तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला असता.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी इतकी खाली गेले नसते. तुझे आकडे बरोबर आहेत हे मला वाचायच्या आधीच माहीत होतं. माझ्या मूळ प्रयोगात जमिनीचे चार तुकडे होते. पेपरमध्ये तीनच आहेत. चौथ्या तुकड्यात त्या हिवाळ्यात पाणी साचलं होतं, म्हणून आमच्या प्रमुखांनी तो वगळायला सांगितलं. ते बरोबरही होतं. मात्र त्याच एका तुकड्यात मी खोलवरचे नमुने घेतले होते. तिथे मला जे दिसलं तेच तुला दिसलं. खाली जिवंत. मी ते पाण्यावर ढकललं. प्रमुखांना पाण्याचं माहीत होतं, खोलीचं मी सांगितलंच नाही. वही मिटली आणि वर्षभराने मला स्वतःलाही ते पाण्यामुळेच झालं असं वाटायला लागलं. तुझा पेपर आला तेव्हा वही पुन्हा उघडावी लागली असती.

सरांचं वाक्य माझ्या हातून सहज लिहिलं गेलं. मीही त्याच वर्गात बसले होते. तू माझ्याऐवजी सरांचं नाव घेतलंस, आणि मी 'सर असं करणार नाहीत' एवढंच लिहून पाकीट चिकटवलं. खरं सांगितलं असतं तर तू मेमध्ये राहुरीला गेला असतास.

आता हे का लिहिते आहे? माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं मुळीच समजू नकोस. कृष्णाभाईंच्या शेतातला कांदा पिवळा पडला.

मंगळवारी त्यांनी फोन केला. मी मोटरवेवरून जाताना स्वतःला सांगत होते की नत्र कमी पडलं असेल. शेताचा वरचा अर्धा भाग आडवा झाला होता. एक कांदा उपटला. बुडाला पांढरी बुरशी, मुळांवर काळी खसखस. मधल्या बटाट्याच्या काढणीत यंत्राने खालची माती वर आणली होती. जसं तू लिहिलं होतंस, अगदी तसं.

कृष्णाभाई माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "वेट विंटर, आय रेकन. नॉट युअर फॉल्ट, उत्तराबेन." मी मान हलवली. निघताना त्यांच्या बायकोने फ्लॉवरचे दोन गड्डे गाडीत ठेवले. मी ते घेतले. घरी येऊन सुमेधने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाऊस जास्त झाला." तो फ्लॉवर मला चिरता आला नाही, तीन दिवस ओट्यावर तसाच होता.

शेवटी सुमेधला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मी कुणाला चुकीचं औषध दिलं, तर मला त्या माणसाला फोन करावा लागतो. लगेच. तू कुणाला फोन करणार आहेस?"

पहिलं तुला सांगितलं. फोन करायची हिंमत झाली नाही, म्हणून पत्र.

माफी मागत नाही. मागायला काही शिल्लक ठेवलेलं नाही.

उत्तरा


कुलू, १ डिसेंबर २००५

उत्तरा,

पत्र मिळालं.

जानेवारीत तू मला लिहिलं होतंस, तिसरा तक्ता पहिला ठेव. मी तुला पेपर दाखवलाच नव्हता. मी ते वाक्य वाचून पुढे गेलो आणि तुझे आभार मानले. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी दिसू दिलं नाही, कारण ती तू होतीस.

त्या शेतकऱ्याला अजून 'पाऊस'च सांगितलेलं आहे का?

इतक्यात पत्र पाठवू नकोस.

चारुदत्त


फ्लॅट बुश, १९ फेब्रुवारी २००६

चारू,

इतक्यात पाठवू नकोस म्हणाला होतास. अडीच महिने थांबले. तू एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर देते.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कृष्णाभाईंकडे गेले. ते शेडमध्ये कांद्याचे खोके रचत होते. जे हाती लागलं ते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, इंग्रजीत, कारण मराठीत मला रडू आलं असतं आणि गुजराती मला येत नाही. चौथा तुकडा, भारतातला पेपर, सगळं. त्यांनी खोका खाली ठेवला. विचारलं, "यू न्यू? बिफोर आय प्लान्टेड?"

"येस."

"हाऊ लाँग बिफोर?"

"टेन मंथ्स."

ते भिंतीपाशी गेले, माझं पत्रक काढलं. फाडलं नाही, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "माय नेबर्स गॉट वन टू. गो अँड टेल हिम." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटू द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, असं मला वाटतं.

मी शेजाऱ्याकडे गेले. मग त्याच्या शेजाऱ्याकडे. एकूण अकरा घरं झाली. तिघांनी नुकताच कांदा काढला होता आणि त्यांना काही झालं नव्हतं, ते म्हणाले, "नो वरीज." दोघांनी या हिवाळ्यात लावायचं ठरवलं होतं, ते थांबले. एकाने दारातूनच परत पाठवलं.

जर्नलच्या संपादकाला लिहिलं. तुझ्या पेपरवरचा माझा अभिप्राय रद्द करावा आणि माझ्या पेपरला चौथ्या तुकड्याची दुरुस्ती जोडावी. दुरुस्ती जूनच्या अंकात येईल. आमच्या प्रमुखांना सांगितलं. चौकशी झाली. नोकरी आहे, पण शेतकऱ्यांशी संबंधित काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मी प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे नमुने मोजते. काही सहकारी अजून म्हणतात की मी उगाच मोठं केलं, एका तुकड्याने काही सिद्ध होत नाही, कृष्णाभाईंच्या शेतात खरंच पाणी साचलं असेल. परवा मीटिंगमध्ये यावर तासभर वाद झाला. मी बोलले, तर एक जण म्हणाला, "तू आता दोन्ही बाजूंनी बोलू शकत नाहीस." त्याचं बरोबर होतं.

सरांना अजून लिहिलेलं नाही. ते त्यांना आधी माझ्याकडून कळावं की तुझ्याकडून, हे ठरवता येत नाही. तू सांगशील तसं करीन.

उत्तरा


कुलू, ९ एप्रिल २००६

उत्तरा,

मी मार्चमध्ये राहुरीला जाऊन आलो. नीलिमाला बरोबर नेलं, कारण एकट्याने मी त्या दारातून परत फिरलो असतो.

सर ओसरीवर भुईमूग निवडत बसले होते. मी पाया पडलो आणि बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. "शिव्या द्यायला तुला तीन पानं लागली होती. माफी तेवढीच लांब असेल तर आधी चहा घे." काकूंनी चहा आणला.  नंतर ते म्हणाले, "आकडे बरोबर होते का तुझे?" उत्तरा, एवढ्या दोन वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, संपादकाने नाही. मी म्हटलं, बरोबर होते. "मग झालं तर," म्हणाले आणि पुन्हा शेंगा निवडायला लागले.

तो परीक्षक कोण, हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. ते तू सांगायचंस, आणि पत्राने नको. तिकीट काढ आणि ये. ते थकलेत. डाव्या डोळ्याने त्यांना आता नीट दिसत नाही.

संपादकाने पेपर पुन्हा मागवलाय. मी पाठवला आहे. गच्चीवरच्या बरण्या खाली आणल्या, दोन फुटल्या होत्या, बाकी शाबूत. सफरचंदाचं काम चालू आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलंय.

तुला माफ केलं का, हे मला माहीत नाही. तुझ्यावरचा राग सकाळी असतो, दुपारी नसतो, असं काहीतरी चाललंय. पण एक गोष्ट तुला सांगितली नाही तर मी खोटा ठरेन.

तुझं ते ऑक्टोबरचं पत्र आलं, त्या दिवशी माझ्या टेबलावर एक बंद पाकीट होतं. इथल्या एका छोट्या जर्नलने माझ्याकडे एक पेपर तपासायला दिला होता. लिहिणारी दमयंती नावाची एक नवखी मुलगी, सिक्कीमच्या बाजूला कुठेतरी काम करते. मी एका परिषदेत माझे खोलीचे आकडे वाचून दाखवले होते, तिने तोच प्रयोग तिच्या जमिनीत करून पाहिला आणि लिहिलं की तिथे खोलीने फरक पडत नाही. म्हणजे माझं म्हणणं सगळीकडे लागू नाही. मी तो पेपर नाकारून, पत्र लिहून, पाकीट चिकटवून ठेवलं होतं. 'नमुन्यांची संख्या अपुरी.' मला ते लिहायला पंधरा मिनिटं लागली होती. तक्ते मी पाहिलेच नव्हते. नाव पाहिलं, निष्कर्ष पाहिला, आणि डोक्यात आलं की आता हीसुद्धा.

तुला ते तीन-चार ओळींचं पत्र लिहिलं तेव्हा ते पाकीट शेजारीच होतं. तुला विचारलं, शेतकऱ्याला अजून 'पाऊस'च सांगितलंय का. आणि तुझं पत्र टाकायला निघालो तेव्हा तेही पाकीट हातात घेतलं. दोन्ही एकदमच टाकणार होतो. पेटीपर्यंत गेलो. तुझं आत टाकलं. दुसरं हातात राहिलं. बाजारातून जाणारे लोक बघत होते, हा माणूस पोस्टाच्या पेटीसमोर का उभा आहे म्हणून. घरी परत आणून फोडलं.

चार दिवस तिचे तक्ते घेऊन बसलो. तिची जमीन गोट्यांची आहे, द्रावण सरळ खाली उतरतं. ती बरोबर आहे. तिच्या जमिनीपुरती ती पूर्ण बरोबर आहे. मी संपादकाला तसं लिहिलं आणि हेही लिहिलं की हा पेपर माझ्या कामाविरुद्ध आहे, तेव्हा माझं मत त्या हिशोबाने वाचा. खाली सही केली, त्यांच्या नियमात बसत नसताना. मग तिला वेगळं पत्र लिहून विचारलं की गोटे किती खोलवर आहेत.

तिचं उत्तर काल आलं. बारा पानी आहे, आणि पहिल्याच पानावर तिने माझ्या दोन चुका दाखवल्या आहेत. एक खरी आहे. दुसरीबद्दल मला तिच्याशी भांडायचं आहे, म्हणून हे इथेच थांबवतो.

चारुदत्त